‘देऊळघाट’ किती अक्षरांचें?

बुलढाणा तालुक्यांतील देऊळघाट ह्या गांवाचें नांव लिहून अक्षरें मोजावयास सांगितलीं, तर दुसरीच्या वर्गांतील मूलहि ‘पांच’ असें उत्तर देईल: दे, ऊ, ळ, घा, ट. तोच प्रश्न संगणकाच्या ‘सी’ भाषेंतील ‘स्ट्रलेन’ ह्या फंक्शनाला विचारला, तर उत्तर येतें एकवीस! यंत्र चुकलें असें नवशिक्यास वाटतें. वस्तुतः दोघांचीहि मोजणी बरोबर आहे. मूल अक्षरें मोजतें, ‘स्ट्रलेन’ बाइट मोजतें.

डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ही भाषा घडविली, तेव्हां समोर रोमन लिपी होती आणि एका अक्षरास एक बाइट पुरत असे. आज सर्वत्र रूढ असलेली यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं योजिली. तींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें. ‘दे’ म्हणजे द आणि मात्रा, ‘घा’ म्हणजे घ आणि काना. मिळून चिन्हें सात, बाइट एकवीस.

ह्या एकविसांमागें बाविसावा बाइट असतो, तो शून्याचा. जुन्या मराठी दप्तरांत पत्राच्या शेवटीं मोर्तब उठवीत, तें मजकूर येथें संपला हें कळावें व पुढें कोणीं कांहीं घुसडूं नये म्हणून. शून्य हें स्ट्रिंगचें मोर्तबच होय. ‘स्ट्रलेन’ पहिल्या बाइटापासून निघतें आणि मोर्तब दिसतांच थांबतें. मोर्तब मात्र मोजीत नाहीं. म्हणून जागा नेहमीं एकानें अधिक राखावी लागते.

समजा, देऊळघाटचा एखादा विद्यार्थी गांवांची यादी करावयास बसला. पांच अक्षरांना दहा जागा पुष्कळ झाल्या, असा हिशेब करून त्यानें दहा बाइटांचा ॲरे धरला व नांव उतरविण्याचें काम ‘स्ट्रकॉपी’कडे सोंपविलें. जागा किती आहे हें तें फंक्शन विचारीत नाहीं. तें कळण्याचें साधनच त्याच्यापाशीं नाहीं. तें बावीस बाइट ओतून मोकळें होतें, आणि त्यांतील बारा धुरा ओलांडून शेजारच्या शेतांत शिरतात. तेथें दुसऱ्या गांवाचें नांव असेल, लोकसंख्येचा आंकडा असेल. प्रोग्रॅम जागच्या जागीं कोसळला तर तें नशीबच म्हणावयाचें. तो निमूटपणें चालत राहिला व आंकडाच बदलला, तर चूक कोणास आणि कधीं सांपडणार? २ नोव्हेंबर १९८८ रोजीं इंटरनेटवर पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’नें ह्याच जातीच्या दोषांतून एक वाट काढली होती. जागा न पाहतां मजकूर वाचणारें ‘गेट्स’ हें फंक्शन तेथें दोषी होतें. २०११ च्या मानकांतून तें वगळण्यांत आलें. ‘स्ट्रकॉपी’ अद्याप आहे.

‘स्ट्रकॅट’ पहिलें मोर्तब पुसून तेथूनच दुसरा मजकूर जोडतें व शेवटीं नवें मोर्तब उठवितें. ‘देऊळघाट, बुलढाणा’ ह्यास जागा किती लागेल? श्रोत्यांनीं पेन्सिल घेऊन पाहावें: एकवीस, स्वल्पविराम व मोकळी जागा मिळून दोन, पुन्हां एकवीस आणि एक शून्य; एकूण पंचेचाळीस.

‘एसएनप्रिंटएफ’ला जागा आधीं सांगावी लागते, म्हणून तें अधिक भरंवशाचें. पण वीस बाइट दिले, तर तें एकोणीस भरून विसाव्यावर शून्य ठेवतें: ‘देऊळघा’ पुरें येतें आणि ‘ट’चा एक तृतीयांश! पडद्यावर तेथें चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटतें. उपाय असा: गाळला गेलेला पहिला बाइट १२८ ते १९१ यांमधील असेल, तर काप चिन्हाच्या मध्यें पडला असें समजावें, ह्या मर्यादेबाहेरचा बाइट भेटेपर्यंत मागें यावें व त्याच्या जागीं शून्य ठेवावें. तरीहि ‘घा’चा ‘घ’ होण्याची भीति उरतेच.

तुलनेसाठीं ‘स्ट्रकंप’ आहे. दोन नांवें समान असतील तर तें शून्य देतें, आणि शून्य म्हणजे ‘नाहीं’ अशा समजुतीनें नवशिके येथें हटकून फसतात. दुहेरी बरोबरीचें चिन्ह वापरणारे तर मजकुराची नव्हे, मजकुराच्या पत्त्यांची तुलना करतात. मराठींत आणखी एक खोंच आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन प्रकारें टंकितां येतो: एकांत ऱ हें स्वतंत्र चिन्ह असतें व बाइट होतात अठरा, दुसऱ्यांत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असतें व बाइट होतात एकवीस. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात; ‘स्ट्रकंप’ला ते दोन निराळे शब्द वाटतात. यादींत वऱ्हाड दोनदां येतें, आणि शोधणाऱ्याला त्यांतलें एकच सांपडतें. तेव्हां तुलनेपूर्वीं सर्व नांवें एकाच रूपांत आणून घ्यावीं लागतात. तें काम ‘सी’च्या ह्या फंक्शनांपैकीं एकहि करीत नाहीं, तें लिहिणाऱ्यानेंच करावयाचें असतें.