सिंदखेडचा वाडा

मी पिंपळगाव रेणुकाईचा. अब्बा गवंडी. लहानपणी त्यांच्यासोबत जालन्यापलीकडच्या सिंदखेडराजाला गेलो होतो. तिथं लखुजी जाधवांचा वाडा; १५९८ साली जिजाऊ तिथंच जन्मल्या. उंच दरवाजा, कमानी पाहून मी विचारलं, "अब्बा, ही घडण आपली की त्यांची?"

अब्बा भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "चुन्याला जात नसते, बेटा. तो किती मुरलाय, तेवढं बघायचं."

१६२९ साली निजामशाही दरबारात दगा होऊन लखुजी मारले गेले. तरी गावातल्या त्यांच्या समाधीवर चढला तो दख्खनी घुमटच. राग दरबारावर असेल, गवंड्यांवर नव्हता. आज कुणी इमारतींची वाटणी करू लागलं, की मला भिंतीवरचा अब्बांचा हात आठवतो.