जखम भरते, वेदना उरते

छातीवरील शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी परतला, की आप्तेष्ट दोन प्रश्न विचारतात: रोग गेला काय, आणि जखम भरली काय? दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले म्हणजे घर निश्चिंत होते. दुखणे थांबले काय, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा राहून जातो. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर महिनोन्महिने टिकणारी वेदना ही वैद्यकाला ठाऊक असलेली, पण घरोघरी गैरसमजाने झाकलेली व्यथा आहे.

जालना जिल्ह्यासारख्या कष्टकरी मुलखात हिचे महत्त्व विशेष आहे. क्षयरोग बरा झाल्यावरही काही रुग्णांच्या फुप्फुसाभोवती पू साचून जाड साल धरते. काहींच्या फुप्फुसाचा एखादा भाग निकामी होतो. काहींना कर्करोग गाठतो. अशा वेळी छातीचे मोठे ऑपरेशन करणे भाग पडते. त्यासाठी परतूर, अंबड वा भोकरदनचा रुग्ण छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई अशा मोठ्या शहराची वाट धरतो. परत आल्यावर त्याच्यापुढे विश्रांती नसते. कमरेला ओटी बांधून कापूस वेचावयाचा असतो, मोसंबीची ओझी उचलावयाची असतात, अथवा पोलादाच्या कारखान्यात पाळी भरावयाची असते. हात वर केला की बरगडीखाली कळ येते, आणि रोग पुन्हा उलटला की काय, या शंकेने माणूस खचतो.

या कळेचे मूळ शरीररचनेत आहे. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खोबण असते. तिच्यातून नीला, रोहिणी आणि मज्जातंतू अशी तिघांची जोडवाट जाते. जुन्या रीतीच्या शस्त्रक्रियेत छातीच्या बाजूस लांब छेद घेऊन दोन बरगड्या लोखंडी साधनाने फाकवाव्या लागतात. त्या ताणाने मज्जातंतू चेंगरतो. पुढे बरगड्या जवळ आणून टाके घालताना तो टाक्यात सापडण्याचाही संभव असतो. कातडी सांधली, तरी दुखावलेला तंतू चुकीचे निरोप मेंदूकडे धाडीत राहतो. कोठे बधिरता, कोठे आग, कोठे विजेसारखा झटका, तर कोठे चोळीचा वा सदऱ्याचा स्पर्शही असह्य, अशी त्याची रूपे असतात. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, अमेरिकन लष्करी शल्यवैद्यांनी सैनिकांतील या वेदनेची नोंद केली होती. आज, दुसरे कारण नसता, शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या अशा वेदनेला दीर्घकालीन म्हणतात. अनेक अभ्यासांच्या 2014 सालच्या एकत्रित परीक्षणात, छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी शेकडा 57, तर सहा महिन्यांनी शेकडा 47 रुग्णांत ती आढळली.

लहान छिद्रांतून दुर्बीण घालून छातीत पाहण्याची कल्पना स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी 1910 साली प्रसिद्ध केली. 1990 नंतर कॅमेऱ्याच्या साहाय्याने फुप्फुसाचा खंड काढणे शक्य झाले. या मार्गात बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत. डेन्मार्कमध्ये 206 रुग्णांवर झालेल्या व 2016 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, पहिल्या चोवीस तासांत मध्यम ते तीव्र वेदना दुर्बिणीच्या गटात शेकडा 38 व खुल्या गटात शेकडा 63 जणांना झाल्या. वर्षभराच्या पाहणीतही दुर्बिणीचा गट सरस ठरला. ब्रिटनमधील 503 रुग्णांच्या 2022 सालच्या चाचणीत पाचव्या आठवड्यास दुर्बिणीच्या गटाची हिंडण्याफिरण्याची क्षमता अधिक दिसली.

तथापि छेद लहान म्हणून वेदना नाही, असा हिशेब मांडता येत नाही. दुर्बीण त्याच दोन बरगड्यांमधून जाते आणि हत्यार वळवताना तोच तंतू दाबला जातो. शिवाय क्षयाने फुप्फुस छातीच्या भिंतीला घट्ट चिकटले असेल, तर दुर्बिणीचा मार्ग अवघड होतो. म्हणजे ज्या रुग्णाला लहान छेदाची गरज अधिक, त्यालाच तो पुष्कळदा दुर्लभ! अशा प्रसंगी छाती उघडणे हा शल्यवैद्याचा दोष नव्हे, विवेक होय.

छेद कोणताही असो, वेदनेची तरतूद आधीपासून करता येते. मज्जातंतू बधिर करणारे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी व नंतरचे काही दिवस दिल्यास आरंभीची तीव्र वेदना आटोक्यात राहते. आणि आरंभी फार दुखले, तर पुढेही दुखत राहण्याचा धोका अधिक असतो. खांद्याचा व श्वासाचा व्यायाम वेळीच सुरू करावा लागतो. मज्जातंतूच्या वेदनेवर निराळी औषधे आहेत. दुकानातून आणलेल्या साध्या गोळ्या रोज घेतल्याने जठर व मूत्रपिंड मात्र बिघडतात. ताप, थुंकीत रक्त, वजनात घट अथवा नव्याने वाढणारे दुखणे असेल, तर तपासणीस विलंब करू नये.

जालन्यात 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. घराजवळच्या अशा संस्थेत तिसऱ्या महिन्यास रुग्णाला बोलावून दुखण्याची चौकशी झाली, तर पुष्कळांचे हात पुन्हा कामाला लागतील. यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. रुग्णाने संकोच सोडावा, घरच्यांनी त्याला कामचुकार ठरवू नये, आणि वैद्याने व्रण पाहून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा, एवढेच पुरे.