वैद्यकाच्या कपाटाबाहेर



हुबळी-धारवाडच्या मराठी वाचनालयांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. प्रथेप्रमाणे वर्षाचा आढावा घ्यायला हवा. अनुदानावर आणि इमारतींवर सकाळी पुरेसं बोलून झालं आहे. आपले वर्गणीदार कमी होताहेत आणि उरलेले म्हातारे होताहेत, एवढाच माझा आढावा. यातल्या दुसऱ्या गोष्टीवर मी बोलणार आहे.

आपले काही जुने सभासद आता विसरू लागले आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्यात मोठा वाटा अल्झायमरचा. त्यांच्या घरची माणसं पुस्तक मागायला आपल्याकडे येतात. आपण त्यांना स्मरणशक्ती वाढवण्याचं पुस्तक देतो! सासूबाई जेवून उठल्या की पुन्हा ताट मागतात म्हणून रडकुंडीला आलेल्या सुनेला बदाम आणि शब्दकोडी. हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे आणि दर वेळी मला चीड आली आहे. बरं पुस्तक असलंच, तर ते ड्यूई वर्गीकरणाच्या ६१६.८ मध्ये, वैद्यकाच्या कुलूपबंद कपाटात.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. वाचकाचा वेळ वाचवायचा, हे त्यातलं चौथं. या घरांतल्या बाईला दिवसाकाठी पाव तास मिळाला तर मिळतो. मेंदूतल्या प्रथिनांचं प्रकरण तिने वाचलं, तरी संध्याकाळी सासरे ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी उभे राहिले की ते कामाला येत नाही. तिला एवढंच हवं असतं: हेच तुमचं घर, असं पटवत बसू नका. बरोबर फाटकापर्यंत चाला, दुसरा विषय काढा, परत या. दिवे अंधार पडायच्या आधी लावा.

इंग्रजीत हे काम नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांनी १९८१ सालीच केलं. ‘द थर्टी-सिक्स अवर डे’ या पुस्तकात आंघोळ, भटकणं, संशय, रात्रीची जाग, सगळं आहे. पण ते घर अमेरिकेतलं आहे. बादली-तांब्याची आंघोळ, येता-जाता ‘मला ओळखलंत का?’ म्हणून परीक्षा घेणारे नातेवाईक, ही आपली प्रकरणं आपल्यालाच लिहावी लागतील.

ती डॉक्टरांनी लिहावीत की लेखकांनी, यावर काल परिसंवादात वाद झाला. माझ्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुस्तक बदलायला येत. पत्नी आजारी. त्यांनी एक वही ठेवली होती. पाणी डोक्यावर ओतलं की ती घाबरते, म्हणून पायांपासून सुरुवात. दोन साड्या पुढे ठेवल्या की गोंधळते, म्हणून एकच. त्यांच्या परवानगीने मी ती वही उतरवून घेतली आणि दुसऱ्या घरी वाचायला दिली. परत आली तेव्हा समासात दुसऱ्या हातची भर होती. माझ्यापुरता वाद तिथे मिटला. लिहायचं घरच्यांनी आणि तपासायचं डॉक्टरांनी. धारवाडात १८४५ पासून मनोरुग्णालय आहे, तेच आजचं डिम्हान्स. तपासणाऱ्यासाठी बेंगळुरूपर्यंत जायला नको.

दुसरा वाद, घरच्यांसाठीची अशी पुस्तिका मराठीत हवी की कन्नडमध्ये. धारवाडच्या लाइन बाजाराजवळच्या एका घरातल्या आजी चाळीस वर्षं शेजारपाजारी कन्नड बोलत आल्या होत्या. आजार वाढला तसं नंतर शिकलेलं कन्नड आधी गेलं, लहानपणचं मराठी राहिलं. असं अनेकांचं होतं. दिवसभर सांभाळायला होती ती बाई कन्नडच बोलणारी. आजी ‘दुखतंय’ म्हणायच्या आणि ती पाणी आणून द्यायची. शेवटी मी आजींचे नेहमीचे पंचवीस-तीस शब्द कन्नड लिपीत लिहून, समोर कन्नड अर्थ देऊन, एक कागद केला. तो स्वयंपाकघरात लागला आणि घरातली आदळआपट बरीच कमी झाली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात हरवलेल्या संस्कृत पंडिताला आपलंसं करते ती कन्नड बोलणारी माहुताची बायको. आपल्या गावात अशा बायका घरोघर आहेत आणि त्यांच्यासाठी आपण एक ओळ छापलेली नाही. या प्रश्नावर सीमाभागाचं राजकारण आणणाऱ्यांनी त्या स्वयंपाकघरात एक दुपार काढावी.

आणि रुग्णाला वाचायला देऊन काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना सांगते. मुलाला न ओळखणारे एक निवृत्त शिक्षक दुकानांच्या पाट्या खणखणीत वाचत. अर्थ निसटू लागला तरी अक्षर वाचता येणं पुष्कळदा बराच काळ टिकतं. संडासाच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘संडास’ लिहिणं हेसुद्धा वाचनसाहित्य आहे. मोठ्या टाइपात, पानावर एक ओळ, एक चित्र, अशी पुस्तकं मुलांसाठी निघतात; या माणसांना मुलांची पुस्तकं दिली की त्यांचा अपमान होतो आणि तो त्यांना कळतो. त्यांच्या काळातली बैलगाडी, चूल, शाळेची घंटा घेऊन अशी पुस्तकं कुणीतरी काढा हो! मी प्रकाशकांना किती वेळा म्हटलं. खप नाही, म्हणतात.

पुढचं काम थोडक्यात सांगते. घरच्या वह्या गोळा करायच्या, कन्नड लिपीतला कागद छापायचा, स्मृतिभ्रंशावरची पुस्तकं दर्शनी मांडणीवर आणायची आणि शक्य तिथे घरपोच द्यायची. पैसे कुठून येतील ते कार्यकारिणी ठरवील. वर्गणी थकली म्हणून अशा घराचं कार्ड मात्र यापुढे कुणी बंद करू नये. बाहेर टेबलावर ती उतरवून घेतलेली वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ती पाहावी आणि समासात लिहावं. पेन शेजारीच आहे.