बरनीचं राज्य आणि आपली आडनावं

(तरुणांच्या अभ्यास शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आज ज्या राज्याबद्दल बोलायचं आहे ते नकाशावर कुठंच नाही. ते झियाउद्दीन बरनीच्या ‘फतावा-ए-जहांदारी’ या फारसी ग्रंथात आहे. नावात फतवे असले तरी हा काही फिकहचा ग्रंथ नाही. बादशहानं राज्य कसं चालवावं, याच्या 24 नसीहती त्यात आहेत. सुलतान महमूद गझनवी आपल्या मुलांना त्या सांगतो आहे, अशी मांडणी आहे. महमूदनं यातलं काही सांगितलं नव्हतं. तीनशे वर्षांनंतर दिल्लीत बसून बरनीनं ते त्याच्या तोंडी घातलं.

या राज्यात माणसाची जागा जन्मानं ठरते. सृष्टीच्या आरंभीच कुणाच्या मनात लेखन आणि घोडेस्वारी, तर कुणाच्या मनात विणकाम, लोहारकाम, हजामत, कातडी कमावणं घातलं गेलं, असं बरनी सांगतो. हुनर जसा, तसे गुणही. सचोटी, औदार्य, शौर्य हे खानदानी लोकांकडे. खोटेपणा, कंजूषपणा, कृतघ्नपणा कारागिरांकडे. तेही पिढ्यान्‌पिढ्या. म्हणून सरकारी पदं फक्त वरच्यांना. खालच्यांना नमाज, रोजा आणि कुरआनचे काही भाग शिकवावेत, त्यापुढे काही नाही. लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकाला शिक्षा! कारण बरनी स्वतःच देतो. ही माणसं शिकली तर उद्या अधिकारी होतील.

हा माणूस हे का लिहीत होता? बरनी दिल्लीच्या बड्या घराण्यातला. त्याचा काका अलाउल्मुल्क हा अलाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीचा कोतवाल. स्वतः बरनी मुहंमद तुघलकाच्या दरबारात सतरा वर्षं नदीम, म्हणजे बादशहाच्या बैठकीतला माणूस. 1351 मध्ये मुहंमद तुघलक वारला आणि बरनीचं सगळं गेलं. कैद झाली, नंतर गरिबी आली. दरबारातून फेकला गेलेला म्हातारा आपल्या मनासारखं राज्य कागदावर उभं करत होता.

आणि दरबारात त्यानं काय पाहिलं होतं? मुहंमद तुघलकानं खालच्या थरातल्या माणसांना मोठी पदं दिली. 1357 मध्ये पूर्ण केलेल्या ‘तारीख-ए-फिरोजशाही’त बरनीनं संतापून त्यांची यादीच दिली आहे. फिरोज हज्जाम, मनका तब्बाख म्हणजे आचारी, लद्धा बागबान, पीरा माळी, विणकराच्या घरातला शेख बाबू नायक. ही शिव्यांची यादी आहे. पण मला विचाराल तर त्या ग्रंथातलं सगळ्यात मोलाचं पान हेच. यामुळंच कळतं की दिल्लीच्या राज्यात न्हावी आणि माळी वर पोहोचत होते. बरनीनं चिडून नावं लिहून ठेवली नसती, तर ही माणसं इतिहासातून पुसली गेली असती.

याच यादीतल्या एकाचा आपल्या दख्खनशी थेट संबंध आहे. अझीज खम्मार. खम्मार म्हणजे दारू गाळणारा. माळव्याचा कारभार मिळाल्यावर त्यानं धार इथं ऐंशीच्या वर अमीर-ए-सदा, म्हणजे शंभरांचे नायक, मारले. मग गुजरातेत आणि दौलताबादेत बंड पेटलं आणि 1347 मध्ये बहामनी राज्य उभं राहिलं. बरनी म्हणतो, बघा, हलक्या जातीच्या माणसाला पद दिल्याचा परिणाम. पण या कत्तलीनंतर सुलतानानं अझीजला खिलत पाठवली, हेही बरनीच सांगतो. सुलतानाच्या क्रौर्याला धोरण म्हणायचं आणि त्याच्या नोकराच्या क्रौर्याला रक्ताचा दोष! हे आजही ऐकू येतं, नाही का?

बरं, ज्याच्या तोंडी हे सगळं घातलं त्या महमूदचा बाप सबुक्तगीन गुलाम म्हणून विकला गेलेला तुर्क होता. कुळाची महती सांगायला बरनीला वक्ता मिळाला तो गुलामाचा मुलगा.

आता मुख्य मुद्दा. कुरआनच्या 49व्या सूरतीतली 13वी आयत तुम्हाला ठाऊक आहे. अल्लाहजवळ सर्वांत प्रतिष्ठित तो, जो सर्वांत जास्त तकवा बाळगतो, असा तिचा आशय. ही आयत बरनी टाळत नाही. तो ती पुढे आणतो आणि म्हणतो, हलक्या कुळात तकवा असूच शकत नाही. म्हणून ज्याच्याकडे प्रतिष्ठा आहे तो कुलीनच असणार. समतेच्या आयतीतून त्यानं विषमता काढून दाखवली.

या सभागृहात तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन, शिकलगार, कुरेशी बसले आहेत. 1990च्या दशकात महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली, दिलीपकुमारांसारखा माणूस तिच्या व्यासपीठांवर गेला. तेव्हाही एक वाक्य वारंवार समोर यायचं: ‘इस्लाममध्ये जात नाही, मग दाखला कसला?’ धर्मात नाही, हे खरंच. पण तेच तोंड निकाहची बोलणी सुरू झाली की आधी बिरादरी विचारतं. आयत समोर ठेवायची आणि तिच्या आडून जुनी उतरंड चालू ठेवायची, हा बरनीचाच मार्ग झाला. फरक इतकाच की बरनी ते उघडपणे लिहीत होता.

फतावा-ए-जहांदारीचा इंग्रजी अनुवाद मोहंमद हबीब आणि अफसर उमर सलीम खान यांनी केलेला आहे. दुपारच्या गटचर्चेत त्यातला कुळाबद्दलचा भाग आणि ही आयत शेजारी ठेवून वाचू. आपापल्या घरात लग्न ठरवताना काय काय विचारलं गेलं, तेही प्रत्येकानं कागदावर लिहून आणा. नाव घालू नका.