चित्र आणि चरितार्थ



चौसाळा हे धुळे-सोलापूर हमरस्त्यावरचे गाव. अशा गावात कारागिराचे नाव पूर्वी वाटसरूंच्या तोंडून पसरे. आता ते मोबाईलच्या काचेवरून पसरते. व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवावे, इन्स्टाग्रामवर चित्रे टाकावीत, म्हणजे धंद्याला प्रतिष्ठा येते, असे आमच्या तरुणांना जो तो सांगतो. सल्ला खोटा नाही. पण चित्र कशाचे काढायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

प्रश्न जुनाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले; पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले, तेव्हा ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत! नांगर चांगला, पण विकेना. न पाहिलेल्या वस्तूचे भय नुसत्या शब्दांनी जात नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याचा माल लोकांना ठाऊक व्हावा, हा त्यातला एक हेतू. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. हा निव्वळ योगायोग मी मानीत नाही.

आता माझी फजिती ऐका. मोबाईलवर एका सुताराचा कोरीव दरवाजा पाहून मी विसार दिला. आला तो दरवाजा साधा. चित्र दुसऱ्याच कोणा परगावच्या कारागिराचे निघाले. मी संतापलो, चार शब्द बोललोही. गंमत अशी की, त्या माणसाचे स्वतःचे काम मुळीच वाईट नव्हते. दोन पावसाळे झाले, दरवाजा फुगला नाही, सांधा हलला नाही. पण त्या सांध्याचे चित्र त्याने कधी काढलेच नाही. ते दाखवण्याजोगे आहे, असे त्याला वाटलेच नाही!

येथे बसलेल्या सुतारांना, गवंड्यांना, शिंप्यांना माझे एवढेच सांगणे. सकाळच्या उजेडात चित्र घ्या. काम अर्धे झाले असताना एक, पुरे झाल्यावर एक. शेजारी मापाची पट्टी असू द्या. गिऱ्हाइकाचे घर दिसत असेल तर त्याला आधी विचारा. आणि वर्षभराने त्याच कामाकडे परत जाऊन आणखी एक चित्र घ्या.

माझ्या दरवाजाचे तसे चित्र अजून निघायचे आहे. सुताराला निरोप धाडला आहे. रागावलेल्या गिऱ्हाइकाच्या घरी तो येतो की नाही, पाहू.