दुखलं तर सांगा, सांगितलं तर नोंदवा

रानातून दमून आलेल्या, चुलीपुढे भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, गटाच्या बैठकीत रेडिओ मधे ठेवून बसलेल्या, सगळ्यांना आमचा रामराम.

आज आपण बोलणार आहोत लस टोचल्यावर होणाऱ्या त्रासाबद्दल. लस घ्यावी की नाही, हा आजचा विषय नाही. लस घ्यावी, लेकरांना द्यावी, हेच आमचं सांगणं आहे. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दंड सुजला, ताप भरला, घेरी आली, अंगावर पित्त उठलं, तर ते कुणाला सांगायचं? आणि सांगून उपयोग काय?

याचं उत्तर आम्हाला मिळालं ते दवाखान्यात राबणाऱ्या माणसांच्या अनुभवातून. कोरोनाची लस आली तेव्हा अनेक देशांत सगळ्यात आधी टोचून घेणाऱ्यांत तेही होते. नव्या लसीचा त्रास आधी त्यांच्या अंगावर दिसला आणि त्यांनी तो सांगितला, म्हणून मागून येणाऱ्या आपल्यासाठी नियम तयार झाले.

आपल्या देशात १६ जानेवारी २०२१ ला ही लस सुरू झाली. पहिली पाळी डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, दवाखान्यातल्या मावश्या, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक यांची होती. आपल्या आशाताई आणि अंगणवाडीताईही त्यातच होत्या. दिल्लीच्या एम्समध्ये पहिली सुई टोचली ती एका सफाई कामगाराच्या दंडात.

पहिल्या दोन दिवसांत २,२४,३०१ जणांना लस दिल्याचं सरकारनं जाहीर केलं. त्रास झाल्याच्या नोंदी आल्या ४४७, आणि तिघांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. म्हणजे हजारामागे दोन नोंदी.

आता दुसरा आकडा ऐका. त्या वेळी बहुतेकांना कोविशील्ड मिळाली. तिच्या माहितीपत्रकात चाचण्यांमधला त्रास लिहिलेला आहे. टोचल्या जागी दुखणं, डोकेदुखी, थकवा हे निम्म्याहून जास्त जणांना झालं. दहातल्या तिघांहून जास्त जणांना ताप किंवा थंडी आली.

हजारात दोन कुठे आणि शंभरात पन्नास कुठे! लस तर तीच. मग फरक कशाचा? एक तर ताप चढतो रात्री, तोवर माणूस घरी गेलेला असतो. दुसरं म्हणजे, चाचणीत प्रत्येकाला बोलावून विचारतात आणि लिहून घेतात. मोहिमेत मात्र माणसानं आपण होऊन सांगावं लागतं. आणि आपण बायका तर काय, अंगात ताप असला तरी "काही नाही, जरा कणकण आहे" म्हणून भांडी घासायला बसतो. न विचारलेलं दुखणं कागदावर येत नाही.

विचारलं तर काय कळतं, ते अमेरिकेतल्या बोस्टन शहरात दिसलं. तिथे मास जनरल ब्रिगहॅम नावाचा दवाखान्यांचा मोठा समूह आहे. त्यांनी डिसेंबर २०२० पासून आपल्या ६४,९०० कर्मचाऱ्यांना लसीचा पहिला डोस दिला. तिथल्या लसी फायझर आणि मॉडर्ना कंपन्यांच्या होत्या, आपल्याकडच्या नव्हत्या. पण त्यांची विचारायची रीत आपण घेण्यासारखी आहे. लस दिल्यावर तीन दिवस प्रत्येकाला मेसेज, ईमेल, फोन करून विचारलं, काही होतंय का? पाचातल्या चौघांनी निदान एकदा तरी उत्तर दिलं.

त्यातून कळलं की शंभरात साधारण दोघांना ॲलर्जीसारखा त्रास झाला. जिवावर बेतू शकते अशी तीव्र ॲलर्जी, जिला डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, ती १६ जणांना झाली. श्वास अडकतो, ओठ-जीभ सुजते, रक्तदाब एकदम खाली जातो, अशी ही ॲलर्जी. त्या १६ मध्ये १५ बायका होत्या. बहुतेकांना आधी कधीतरी कशाची तरी ॲलर्जी झालेली होती. त्रास सुरू व्हायला सरासरी १७ मिनिटं लागली. वेळेवर उपचार मिळाले आणि सगळे बरे झाले.

आता लक्षात आलं ना, लस टोचल्यावर अर्धा तास बसायला का सांगतात? त्या अर्ध्या तासात सिस्टर जवळ असते, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी असतं. सतराव्या मिनिटाला आपण लेकरू काखेला मारून घराकडे निघालेलो असलो, तर ते इंजेक्शन काय कामाचं? एखादीला त्याहून उशिराही त्रास होऊ शकतो, म्हणून घरी गेल्यावरही काही तास कुणीतरी जवळ असावं.

काही त्रास मात्र अर्ध्या तासात नाही, आठवड्यानं दिसतो. नॉर्वे देशात तसं झालं. मार्च २०२१ मध्ये ओस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयात लागोपाठ पाच रुग्ण आले. पाचही जण आरोग्य सेवेतले कर्मचारी, वय ३२ ते ५४, पाचात चार बायका. सगळ्यांनी सात ते दहा दिवसांपूर्वी ॲस्ट्राझेनेकाची लस घेतलेली. आपली कोविशील्ड ही त्याच जातीची. त्यांच्या रक्तात गुठळ्या झाल्या होत्या आणि प्लेटलेट खूप खाली गेल्या होत्या. डेंग्यूत ज्या कमी होतात, त्याच प्लेटलेट. चौघांच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. तिघांचा जीव गेला.

नॉर्वेत तोवर १,३०,००० हून अधिक जणांनी ती लस घेतली होती. एवढ्यांत पाच. हे पाच जण पाच गावच्या पाच दवाखान्यांत विखुरले असते आणि कुणी "लस कधी घेतली होती?" असं विचारलं नसतं, तर पाचांचा एकमेकांशी संबंध कुणाला कळला असता? डॉक्टरांनी विचारलं, रक्त तपासलं आणि कारण शोधलं. लसीनंतर क्वचित कुणाच्या शरीरात अशी प्रतिद्रव्यं तयार होतात की ती प्लेटलेटवरच उठतात. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी हे छापून जगाला सांगितलं. जर्मनीतल्या डॉक्टरांनीही त्याच सुमाराला तेच सांगितलं. मग कुठली तपासणी करायची, कुठली औषधं द्यायची, कुठली टाळायची, हे सगळीकडच्या डॉक्टरांना कळलं.

आपल्याकडे १७ मे २०२१ ला केंद्र सरकारनं सांगितलं की कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्यांचे २६ संभाव्य रुग्ण आढळले, म्हणजे दहा लाख डोसांमागे एकाहूनही कमी. लोकांना सूचना दिली की लस घेतल्यावर २० दिवस लक्ष ठेवा: धाप लागणं, छातीत दुखणं, हात-पाय सुजणं, न थांबणारी डोकेदुखी किंवा पोटदुखी, अंधुक दिसणं, टोचलेल्या जागेपासून लांब कातडीवर लाल ठिपके येणं. नॉर्वेनं त्याच महिन्यात ती लस आपल्या कार्यक्रमातून काढली. त्यांच्याकडे साथ कमी होती आणि दुसऱ्या लसी होत्या. आपल्याकडे तेव्हा दुसरी लाट होती, माणसं ऑक्सिजनविना जात होती, म्हणून आपण ती चालू ठेवली. दोन्ही देशांना ठरवता आलं, कारण त्रासाच्या नोंदी समोर होत्या.

पण लसीनंतर झालेला प्रत्येक त्रास लसीमुळेच झाला, असंही नसतं. आपल्यात म्हणतातच, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. फांदी कावळ्यानं मोडली की आधीच किडलेली होती, हे बघायला आपल्याकडे समिती असते. तिनं तपासलेल्या पहिल्या ३१ गंभीर घटनांचा अहवाल जून २०२१ मध्ये बाहेर आला. त्यात १८ घटनांचा लसीशी संबंध नव्हता. ७ घटनांचं नक्की ठरवता आलं नाही. २ घटनांची माहितीच अपुरी होती. एक घटना सुईच्या धास्तीनं झाली होती. आणि ३ लसीमुळेच होत्या, तिन्ही तीव्र ॲलर्जीच्या. त्यात ६८ वर्षांचे एक गृहस्थ दगावले. दुसरे दोघे विशीतले होते. त्यांनी १६ आणि १९ जानेवारीला लस घेतली होती, म्हणजे फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांची पाळी चालू होती त्या आठवड्यात. दवाखान्यात उपचार होऊन ते दोघे बरे झाले.

त्या दोन अपुऱ्या घटनांचा विचार करा. कुणाच्या तरी घरात मोठं दुखणं आलं आणि कागद पुरेसे नाहीत म्हणून त्याचं कारण कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून नोंद वेळेवर आणि पुरती व्हायला हवी.

आणखी एक गोष्ट खास आपली. लस घेतल्यावर "पाळी पुढे गेली", "अंगावरून जास्त गेलं" असं कितीतरी बायका एकमेकींना सांगत होत्या. पण लसीच्या मोठ्या चाचण्यांत पाळीबद्दल विचारलंच नव्हतं. बायका बोलत राहिल्या तेव्हा अमेरिकेत जवळपास ४,००० जणींच्या पाळीच्या नोंदी तपासल्या गेल्या. जानेवारी २०२२ मध्ये निष्कर्ष आला की लसीनंतर पाळीचं चक्र सरासरी एक दिवसाहूनही कमी लांबतं, आणि ते पुन्हा जागेवर येतं. म्हणजे बायकांचं म्हणणं खरं होतं, आणि घाबरण्यासारखंही नव्हतं. हे आधीच विचारलं असतं, तर किती जणींची काळजी वाचली असती.

मग आपण आपल्या गावात काय करायचं? अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस असतो, तेव्हा पाच गोष्टी लक्षात ठेवूया.

पहिली, कधी कशाची ॲलर्जी झाली असेल, अंगात ताप असेल, दिवस गेले असतील, तर टोचण्याआधी सिस्टरला सांगायचं.

दुसरी, टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. स्वयंपाक खोळंबला तरी चालेल.

तिसरी, चार प्रश्न विचारायचे. लस कुठली आणि कशासाठी? त्रास काय होऊ शकतो? झाला तर काय करायचं? पुढची तारीख कुठली? आणि लसीचं कार्ड जपून ठेवायचं.

चौथी, त्रास झाला तर आशाताईला किंवा सिस्टरला सांगायचं, आणि सोबत चार ओळी लिहून ठेवायच्या. कुठल्या तारखेला किती वाजता लस घेतली, किती वेळानं काय झालं, काय उपाय केला, कधी बरं वाटलं. बाळाला थोडा ताप येणं, टोचल्या जागी दुखणं हे नेहमीचं आहे. औषध सिस्टर सांगेल तेवढंच द्यायचं आणि टोचल्या जागी काही चोळायचं नाही.

पाचवी, श्वास लागला, तोंड सुजलं, झटके आले, बाळ निपचित पडलं, तर वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा. अशी गंभीर घटना आरोग्य कर्मचाऱ्यांनी ताबडतोब कळवायची असते आणि २४ तासांत तिचा अहवाल जिल्ह्याच्या लसीकरण अधिकाऱ्यांकडे जायचा असतो. "नोंद केली का?" असं विचारायचा आपल्याला हक्क आहे.

कुणी म्हणेल, असं लिहित बसलं तर लोक घाबरतील, लस घेणार नाहीत. आम्हाला उलटं वाटतं. दडवलेल्या त्रासाची अफवा होते, आणि अफवा पाणवठ्यावरून बाजारापर्यंत एका दिवसात जाते. लिहिलेल्या त्रासाचा तपास होतो आणि उत्तर मिळतं.

आता शेवटची गोष्ट. आपल्या गटात आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, तालुक्याच्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावश्या आहेत. दुसऱ्याचा ताप विचारत त्या दारोदार फिरतात. त्यांच्या अंगातला ताप कोण विचारतं? आशाताईला कामागणिक मोबदला मिळतो. रोजंदारीवरच्या मावशीनं एक दिवस अंथरूण धरलं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. अशी बाई "मला त्रास होतोय" म्हणेल कशाला? गोळी घेऊन ती कामाला जाईल आणि तिचं दुखणं कुठल्याच आकड्यात येणार नाही. त्रासाची खरी मोजदाद हवी असेल, तर लस घेतल्यानंतरच्या आजारपणाची भरपगारी सुट्टी या बायकांना मिळायला हवी. ही मागणी गटानं ग्रामसभेत मांडावी असं आम्हाला वाटतं.

तोवर एवढं तरी करूया. गटाच्या दर बैठकीत, हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं विचारायचं: या महिन्यात कुणी लस घेतली? कुणाच्या लेकराला दिली? काही झालं का? वहीचं एक पान त्यासाठी ठेवायचं, आणि ते पान सिस्टरला दाखवायचं. आणि हा प्रश्न आशाताईपासून सुरू करायचा.

तुमच्या गटानं असं पान सुरू केलं, तर आम्हाला जरूर कळवा. आजच्यापुरता निरोप घेतो, मैत्रिणींनो. काळजी घ्या, नमस्कार.