चौदा गुणांचा संघ

(शिरपूर येथे क्रीडाशिक्षक व युवक कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



क्रीडाशिक्षकांच्या मेळाव्यात अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाचे काय काम, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. परंतु क्रीडांगण ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आणि सार्वजनिक मालमत्तेचा उपभोग कोणाच्या वाट्याला येतो व कोण कुंपणाबाहेर राहतो, हा अर्थशास्त्राचा अगदी मूळचा प्रश्न आहे. चाकाच्या खुर्चीत बसून खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉलच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावा, असे मी योजिले आहे.

हा खेळ युद्धाच्या राखेतून जन्मास आला. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या अमेरिकन सैनिकांनी १९४६ च्या सुमारास इस्पितळांच्या आवारात तो सुरू केला. त्याच काळात इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन हे मज्जारज्जूच्या दुखापतीने पंगू झालेल्या सैनिकांवर उपचार करीत होते. हिटलरच्या जर्मनीतून १९३९ साली परागंदा झालेले हे ज्यू डॉक्टर. असे रुग्ण थोड्याच दिवसांचे सोबती, असे तेव्हा वैद्यकशास्त्र धरून चालत असे. गुटमन यांनी त्यांना अंथरुणातून उठविले, कामाला लावले आणि खेळावयास लावले. १९४८ च्या २९ जुलै रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ अपंग सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. १९६० साली रोममध्ये पहिली पॅरालिम्पिक स्पर्धा झाली, तेव्हा बास्केटबॉल तिच्यात होताच.

या खेळात मैदान तेच, कडीची उंचीही तीच दहा फूट. चेंडू हाती असताना चाकांना दोनदा गती दिली की तो आपटावा, दुसऱ्याकडे द्यावा किंवा कडीकडे फेकावा लागतो. तिसऱ्यांदा चाक ढकलले की चेंडू गेला. खुर्ची ही खेळाडूच्या शरीराचा भाग मानली जाते. ती दुसऱ्यावर बेकायदा आदळली की अपराध खेळाडूचा.

परंतु माझ्यासारख्याला मोह पडतो तो आणखी एका नियमाचा. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शारीरिक क्षमतेनुसार एक ते साडेचार गुण दिले जातात. ज्याचा कमरेवरही ताबा नाही त्याला एक. ज्याचे अपंगत्व सर्वांत कमी त्याला साडेचार. आंतरराष्ट्रीय सामन्यात मैदानावरील पाच जणांच्या गुणांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. पाचही धडधाकट गडी निवडले तर बेरीज साडेबावीस होते. असा संघ मैदानात उतरूच शकत नाही. म्हणजे जिंकावयाचे असेल तर सर्वांत दुबळ्या गड्याला बरोबर घ्यावेच लागते. तो शोभेसाठी नसतो. प्रतिस्पर्ध्याच्या खुर्चीला आपली खुर्ची आडवी घालून तो वाट मोकळी करतो आणि त्या वाटेने दुसरा जाऊन चेंडू कडीत टाकतो. यात दयेचा लवलेश नाही, आणि स्पर्धेची धारही कमी होत नाही. समतेने कर्तृत्व खुंटते असे आम्हांला अनेक वर्षे ऐकविले गेले. त्या पंडितांनी हा सामना एकदा पाहावा.

आता आपल्या मातीतील एका माणसाकडे वळू. तो बास्केटबॉलपटू नव्हे, जलतरणपटू. परंतु त्याची कहाणी याच चाकाच्या खुर्चीची आहे. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. सैन्याच्या ईएमई दलात भरती झालेले आणि मुष्टियुद्धात नाव कमावलेले. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ ची स्पर्धा ऑलिंपिकच्या म्युनिकऐवजी हायडेलबर्ग येथे झाली, कारण खेळाडूंच्या निवासांचे रूपांतर सदनिकांत करण्याची घाई झाली होती! त्या हायडेलबर्गमध्ये पेटकरांनी ५० मीटर मुक्त शैलीचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापले आणि सुवर्णपदक मिळविले. ऑलिंपिक असो वा पॅरालिम्पिक, वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारा हा पहिला भारतीय.

त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर. २०२४ साली त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला तेव्हा कोठे घरोघरी त्यांचे नाव पोहोचले. या विलंबाबद्दल बरेच लिहिले गेले आहे. मी ते उगाळीत बसत नाही.

मला वेगळी गोष्ट सांगावयाची आहे. पेटकरांची जिद्द असामान्य होती, यात संशय नाही. परंतु त्या जिद्दीच्या पाठीशी काय काय उभे होते, ते मोजून पाहा. लष्करी इस्पितळ होते. तेथे जाणकार उपचारक होते. उतरावयास पाणी होते. परदेशी जाण्यासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारख्यांचे साह्य होते. पुढे पुण्यात टेल्कोची नोकरी होती. यांतील एकही दुवा निखळला असता, तर ती जिद्द खाटेवर पडूनच राहिली असती.

दुसरे उदाहरण कॅनडाचे. पॅट्रिक अँडरसन याला या खेळातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणतात. १९८९ साली, वयाच्या नवव्या वर्षी, मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. पुढच्याच वर्षी तो हा खेळ खेळू लागला. २०००, २००४ आणि २०१२ अशी तीन सुवर्णपदके त्याने आपल्या संघाबरोबर मिळविली. प्रतिभा त्याची, हे खरेच. परंतु त्या नऊ वर्षांच्या पोराला वर्षभरात खेळावयास संघ सापडला, ही किमया समाजाची.

मित्रहो, आपल्या शिरपुरावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. त्यावर अपघात होतात. मळणीयंत्रात हात-पाय जातात, विहिरीच्या कामावर माणसे कोसळतात, सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा मजूर झाडावरून पडून कायमचा जायबंदी होतो. सैनिकाची जखम राष्ट्राच्या खात्यावर मांडली जाते, आणि ते योग्यच आहे. मग ज्याने कापूस वेचला, रस्ता बांधला, त्याच्या मोडलेल्या कण्याचा हिशेब कोणाच्या खात्यावर? आज तो त्याच्या बायकोच्या आणि म्हाताऱ्या आईच्या खात्यावर आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी अपंग होते, त्यांपैकी १.८६ कोटी खेड्यांत. हालचालीचे अपंगत्व असणारे ५४ लाखांहून अधिक. १९९५ साली कायदा झाला; २०१६ साली अधिक व्यापक कायदा झाला आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेल्या. मधल्या काळात 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले. शब्द पालटला, कचेरीच्या पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.

येथे व्यवहारी माणूस विचारतो, एवढ्या थोड्यांसाठी एवढा खर्च का? तालुक्याच्या मैदानावर खुर्चीतला माणूस दिसतो तरी का? या प्रश्नात अर्थशास्त्रातील एक जुनी चूक दडली आहे. बाजारात न दिसणारी मागणी नसतेच, असे आपण मानतो. परंतु भुकेल्याच्या खिशात पैसा नसला म्हणून त्याची भूक खोटी ठरत नाही. खुर्चीतला तरुण मैदानावर दिसत नाही, कारण घराच्या उंबऱ्यापासून मैदानाच्या फाटकापर्यंत त्याला वाटच नाही. आणि उताराची वाट बांधली तर तिच्यावरून एकटा तोच जाईल काय? गुडघे दुखणारी आजी जाईल, पोर कडेवर घेतलेली माउली जाईल, हातगाडीवालाही जाईल.

शेजारच्या अमळनेरात साने गुरुजी शिक्षक होते. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी १९४७ साली प्राण पणाला लावले. तेथे दार बंद होते, ते दिसत होते. येथे दार सताड उघडे आहे आणि तरीही आत जाता येत नाही; म्हणून या अन्यायाची कोणाला लाज वाटत नाही.

तेव्हा मागणी नेमकी करू या. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्य शासनाचा आदेश आहे. त्या रकमेचा जमाखर्च नगरपालिकेकडे आणि ग्रामपंचायतींकडे लेखी मागा. क्रीडांगणाला उताराची वाट आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह मागा. खेळाच्या दहा खुर्च्या मागा. त्यांची चाके वर आत झुकलेली असतात, मागे न उलटण्यासाठी छोटे चाक असते. साध्या खुर्चीपेक्षा त्या बऱ्याच महाग असतात, म्हणून त्या व्यक्तीच्या नव्हे, मैदानाच्या मालकीच्या असाव्यात. व्हीलचेअर बास्केटबॉलचा राष्ट्रीय महासंघ २०१४ साली स्थापन झाला आहे. प्रशिक्षणासाठी त्याच्याशी पत्रव्यवहार करता येईल. आणि शिक्षकांनो, आपापल्या गावात खाटेवर पडलेले तरुण किती, तरुणी किती, याची यादी पुढील महिन्यापर्यंत करा. मुलींची नावे कोणी आपणहून सांगणार नाही. ती दारोदार जाऊन विचारावी लागतील.

त्या यादीतून एखादा पेटकर निघेल किंवा निघणारही नाही. पदक मिळाले तर आनंदच आहे. पण खेळण्याचा हक्क पदकाच्या तारणावर मिळत नसतो. दहा जण संध्याकाळी मैदानावर आले, घामाघूम झाले, हरले म्हणून भांडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तरी आपला पैसा सत्कारणी लागला असे मी हिशेबाच्या वहीत लिहीन.